एकरूप शब्दांची वही

मी ज्या काळाबद्दल लिहितो आहे त्या काळात सबंध नागपूर शहरात स्पॅनिश जाणणारी एकच व्यक्ती होती, आणि तिनं ती भाषा आयुष्यात एकदाही कानांनी ऐकलेली नव्हती. हे विधान तपासून पाहायला माझ्याकडे काही साधन नाही. पण सीताबर्डीवरच्या आमच्या वाचनालयात मी बावीस वर्षं काढली, आणि त्या बावीस वर्षांत स्पॅनिशचं पुस्तक मागणारा दुसरा माणूस आला नाही. शहरात कुणी असता तर कधीतरी चुकून का होईना, पायऱ्या चढून आला असता.

ती व्यक्ती म्हणजे मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. आम्ही सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत असू, आणि वाचनालयात दुसरी कुणी स्त्री आली तर तिला काय म्हणावं याची आमची पंचाईत होई. उंच, काटक, पांढरं सुती पातळ, पायात चपलांऐवजी कॅनव्हासचे बूट. ऊन कितीही असो, डोक्याला ओला पंचा बांधून लेडीज सायकलवरून यायच्या. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, तेव्हा झाशी राणीच्या पुतळ्याला वळसा घालून एक पंचा येताना दिसला की आमचा शिपाई भाऊराव माठातलं पाणी काढून ठेवत असे.

त्यांचं पुस्तक म्हणजे एक जुनं स्पॅनिश व्याकरण. इंग्रजांच्या वेळच्या कुणा अधिकाऱ्यानं जाताना वाचनालयाला पेटीभर पुस्तकं दिली होती, त्यांतलं ते एक. पुस्तकाची पहिली सोळा पानं वाळवीनं खाल्लेली होती. पान सतरापासून भाषा सुरू व्हायची. वाचनालयाच्या नियमाप्रमाणे पुस्तक पंधरा दिवसांनी परत करायचं आणि एक दिवस कपाटात राहू द्यायचं, म्हणजे इतर वाचकांना संधी मिळते. बाई नियमाच्या पक्क्या. दर दुसऱ्या बुधवारी संध्याकाळी पुस्तक परत करायच्या आणि गुरुवारी दुपारी येऊन विचारायच्या, “कुणी नेलं?”

“नाही, बाई.”

“कुणीच नाही?” हे त्या ज्या सुरात विचारायच्या त्यात सुटका जास्त होती की निराशा, ते मला कधी कळलं नाही. भाऊरावला मात्र त्यांची भीती वाटे. त्याला वाटायचं, एखाद्या गुरुवारी खरंच कुणी ते पुस्तक नेलं तर बाई त्यालाच जबाबदार धरतील. म्हणून तो बुधवारी रात्री कुलूप लावताना ते पुस्तक रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकांमागे दडवून ठेवायचा. “बाईचं पुस्तक आहे सायेब. दुसऱ्यानं काहून न्यावं?” असं त्याचं सरळ म्हणणं होतं. अकरा वर्षं बाई ज्या वाचकाची वाट पाहत होत्या, त्याची वाट भाऊरावनं अशी अडवून ठेवली होती. तेव्हा मी त्याला हसत असे.

या भाषेत बाईंचा जीव जडला तो सगळ्या भाषेवर नाही, तिच्यातल्या एका लहानशा घराण्यावर. स्पॅनिशमध्ये बहुतेक नामं आणि विशेषणं पुरुषासाठी एक रूप घेतात आणि बाईसाठी दुसरं, आपल्याकडच्या ‘चांगला–चांगली’सारखंच. पण काही शब्द असे आहेत की ते दोघांसाठी तसेच राहतात. विद्यार्थी, दंतवैद्य, कलावंत, साक्षीदार. तरुण, हुशार, शूर, दुःखी. शब्दाच्या आधी येणारा छोटा ‘एल्’ किंवा ‘ला’ बदलतो, शब्द जागचा हलत नाही. हे प्रकरण पुस्तकात अडीच पानांचं होतं. बाईंनी त्यावर अकरा वर्षं घालवली.

मी एकदा म्हटलं, “बाई, मराठीतही आहेत की असे शब्द. हुशार मुलगा, हुशार मुलगी.”

“आहेत ना,” बाई म्हणाल्या. “पण पुढे क्रियापद काठी घेऊन उभं असतं. हुशार आला की हुशार आली, ते सांगितल्याशिवाय आत सोडत नाही. पस्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. तुला सांगते, नकाशा काढताना वर्गात फक्त हुशार असतात आणि ढ असतात. बाकीचं सगळं आपण मागाहून चिकटवतो.”

या शब्दांची त्यांनी एक वही केली होती. वही म्हणजे शाळेतला जुना, न वापरलेला हजेरीपट. एका शब्दाला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर पुरुष, उजव्या पानावर बाई. नियम असा, की शब्द कोशात सापडला एवढ्यानं तो वहीत येत नाही. नागपुरात राहणारा एक हयात पुरुष आणि एक हयात बाई, दोघं त्या शब्दाला शोभणारी, बाईंनी स्वतः डोळ्यांनी पाहिली पाहिजेत. त्यांना शब्द समजावून सांगितला पाहिजे. त्यांनी कबूल होऊन सही किंवा अंगठा दिला पाहिजे. मग बाई त्या माणसावर स्पॅनिशमध्ये एक वाक्य लिहायच्या आणि खाली मराठी अर्थ. एक बाजू रिकामी असेल तर शब्द कच्चा. स्वतःला किंवा नातलगांना धरायचं नाही. म्हणून पंचवीस वर्षं सायकल चालवणाऱ्या बाई ‘सायकलस्वार’ या शब्दासाठी दुसरी सायकलस्वार बाई शोधत महालापासून अंबाझरीपर्यंत सायकलवर हिंडल्या.

विजेचं काम करणारा माणूस एका दिवसात मिळाला. बाई मिळायला दोन वर्षं लागली. शेवटी इतवारीत एका बोळात त्यांना एक विधवा बाई सापडली, ती पंख्यांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायची. त्या दिवशी मी बरोबर होतो. ती बाई मांडीवरची मोटार खाली ठेवायला तयार होईना.

“मी काय वायरमन आहो का, बाई?” ती म्हणाली. “नवऱ्याचं पाहून पाहून शिकली मी.”

“ते कसे शिकले?”

“त्यायच्या मालकाचं पाहून.”

“मग झालं तर. सही कर.”

“कागदावर सही नाही करत मी. एकदा दिरानं घेतली होती, तं घराची अर्धी खोली गेली.”

बाई खाली बोळातल्या दगडावर बसल्या आणि तो हजेरीपट पहिल्यापासून तिला वाचून दाखवला, तासभर. कोण कोण आहे, कुणाची सही कशी आहे, कुणी काय म्हटलं. शेवटी त्या बाईनं हात पुसले आणि फार जपून, एकेक अक्षर सोडून सोडून, नाव लिहिलं. लिहून झाल्यावर समोरच्या पानावरच्या पुरुषाचं नाव वाचून म्हणाली, “हा? याले तं मी फ्यूज बांधाले शिकवलं.” बाईंनी ते वाक्य तिथल्या तिथे स्पॅनिशमध्ये लिहून टाकलं.

दंतवैद्याच्या पायी बाईंची दाढ गेली. सदरमध्ये एक नव्या डॉक्टरीणबाई दातांचा दवाखाना काढून बसल्या आहेत असं कळल्यावर बाई गेल्या. पण नुसतं पाहायला आले म्हणणं त्यांना पटेना. म्हणून खुर्चीत बसल्या आणि एक दाढ थोडी हलते असं म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी पाहिली, तर ती खरंच हलत होती. तासाभरानं बाई गालात कापूस धरून वाचनालयात आल्या आणि वही उघडून मला खुणेनं सही दाखवली. बोलता येत नव्हतं, तरी चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

‘वक्तशीर’ या शब्दाला बाई चटकन मिळाली. पुरुषाला चार महिने लागले. ‘भित्रा’ या शब्दाला कुणीच सही देईना, डावीकडेही नाही आणि उजवीकडेही नाही. शेवटी महालातल्या एका तालमीचे साठीचे उस्ताद पुढे आले. मान बैलासारखी, कान मोडलेले. “लिहा बाई, माझं नाव लिहा,” ते म्हणाले. “मी पालीले लय भेतो. भिंतीवर पाल असन तं मी त्या खोलीत झोपत नाही. पोट्टे हासतात, हासू द्या.” त्यांनी सही करताच तालमीतल्या एका पैलवानाच्या बायकोनंही दारातून हात वर केला आणि तो शब्द एका दुपारीत पक्का झाला. ‘प्रियकर’ या अर्थाचा शब्दही एकरूप आहे. बाईंनी तो गाळला नाही. दोन्ही पानांवर नावं लिहिली आणि वर खळीनं जाड कागद डकवून टाकला. ती नावं कुणाची, यावर वाचनालयात वर्षभर चर्चा चालली. भाऊरावनं वही उन्हात धरून पाहिली, पण बाईंची खळी चांगली होती. एकाच शब्दाच्या बाबतीत त्यांनी नियम सोडला होता, तो म्हणजे ‘दुःखी’. तिथं वाक्य होतं, सह्या नव्हत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “त्या पानासाठी कुणाच्या दारी जाऊ नये.”

मी त्यांचा एकुलता एक विद्यार्थी. गुरुवारी दुपारी वाचनालयात गर्दी नसायची. खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर भाऊराव पाणी मारायचा, आणि आतल्या टेबलाशी बाई मला वहीतली वाक्यं मोठ्यानं म्हणायला लावायच्या. पलीकडे वर्तमानपत्र वाचणारे एक पेन्शनर होते. ते चष्म्यावरून पाहत म्हणायचे, “बाई, हे काय मंतर म्हणून राहिल्या तुम्ही? माणसाले बातमी समजून नाही राहिली.” बाई आवाज कमी करायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, भाषा तोंडात घोळवल्याशिवाय येत नाही. आणि त्यांच्या तोंडात ती छान घोळायची, पूर्ण मराठी होऊन. अक्षर जसं दिसेल तसं उच्चारायचं. उच्चाराचं प्रकरण पहिल्या सोळा पानांत होतं, आणि ते वाळवीच्या पोटात गेलेलं होतं.

“एकदा कुणीतरी ऐकायला हवं रे,” बाई मधूनच म्हणायच्या. “ज्याची भाषा आहे असं कुणीतरी. एकदाच. ही वही त्याच्यापुढे वाचून दाखवायची. मग झालं.” त्यांनी दुसरी कसली इच्छा बोलून दाखवलेली मला आठवत नाही. परदेशी जायचं नव्हतं, वही छापायची नव्हती. पासष्टी उलटलेल्या त्या बाईंना फक्त एक ऐकणारा हवा होता.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

माझी मोठी बहीण कन्हानला असायची. मेहुणे कोळशाच्या खाणीच्या कचेरीत होते. एका पावसाळ्यात बहिणीच्या हातावर चुलीवरचं आधण सांडलं, म्हणून मी रजा काढून तिच्याकडे गेलो आणि तिला मलमपट्टीला घेऊन नदीकडच्या एका मिशनच्या लहानशा दवाखान्यात जाऊ लागलो. तिथं एक सिस्टर होती. पन्नाशीची, ठेंगणी, लालबुंद चेहऱ्याची. ती खाणीतल्या मजूर बायकांकडून मराठी शिकली होती आणि त्यांच्यासारखीच बोलायची. फक्त तिच्या मराठीत सगळीच माणसं पुरुष होती. ‘तुझी सासू आला का?’ ‘मी काल लय थकला.’ ‘ही पोरगी रडत होता.’ रांगेतल्या बायका गालात हसायच्या, तीही हसायची, आणि पट्टी बांधून व्हायची.

दुसऱ्या दिवशी बहीण मला कोपरानं ढोसून म्हणाली, “अरे, हे सिस्टर स्पेनची आहे म्हणते. तू गुरुवारी शिकते ना, तेच भाषा असन हिची.”

बाईंचा ऐकणारा शंभर कोसांवर नाही, सात समुद्रापलीकडे नाही, बसच्या एका तिकिटाच्या अंतरावर बसून फोडांना मलम लावत होता. मी खूप धीर केला आणि वहीतलं एक वाक्य म्हटलं. ‘तरुण मुलगी हुशार आहे.’ बाईंनी शिकवलं होतं तसंच म्हटलं: “ला जोव्हेन एस इंटेलिजेंटे.”

सिस्टरनं कात्री हातात धरून माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणाला?”

मी पुन्हा म्हटलं. तिला कळेना. मग मी केसपेपरच्या मागे ते वाक्य लिहून दिलं. तिनं वाचलं, आणि जी हसायला लागली ती थांबेचना. स्टुलावर बसली. एप्रनला डोळे पुसले. “होबेन!” ती म्हणाली. “होबेन! इंतेलिहेंते! आणि हा म्हणतो जोव्हेन!” ती पुन्हा पुन्हा ‘जोव्हेन, जोव्हेन’ म्हणत राहिली, आणि रांगेतल्या बायकाही, काही न कळता, तिच्याबरोबर हसायला लागल्या.

“कोण शिकवला तुले?” तिनं विचारलं.

“पुस्तकातनं,” मी म्हटलं.

“परत ये,” ती म्हणाली. “बोलू आपण.”

मी परत गेलो नाही. बहिणीच्या हाताची पट्टी पुढे मेहुण्यांबरोबर झाली. बसमध्ये येताना डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं. बाई स्वच्छ पातळ नेसून त्या स्टुलासमोर बसल्या आहेत, वही उघडली आहे, इतक्या वर्षांचं सगळं मोठ्यानं वाचताहेत, आणि समोर ती हसते आहे, आणि सगळी रांग हसते आहे. मी मनाशी ठरवलं की बाईंना हे होऊ द्यायचं नाही. त्या दिवशी मला बाईंसाठी वाईट वाटलं की त्यांची लाज वाटली, हे मी इतक्या वर्षांत स्वतःशी नीट ठरवू शकलेलो नाही. दोन्ही असेल. पण मी त्याला नाव दिलं ते त्यांना जपण्याचं.

दीड-दोन महिन्यांनी एका गुरुवारी बाई नेहमीपेक्षा लवकर आल्या. वही एरवी शाळेच्या जुन्या पिशवीत कोंबलेली असायची. त्या दिवशी ती धुतलेल्या, इस्त्री केलेल्या पांढऱ्या कापडात बांधलेली होती. बाईंनी पाणीही घेतलं नाही.

“अरे, सदरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या, कन्हानच्या दवाखान्यात एक परदेशी सिस्टर आहे. तुझी बहीण तिकडेच ना? कुठली आहे रे ती?”

ऑक्टोबरचं ऊन होतं, भाऊराव ताट्यांवर पाणी मारत होता. तो आवाज मला अजून आठवतो, कारण त्या आवाजाकडे लक्ष देऊन मी उत्तर दिलं.

“इटलीची आहे, बाई. मी विचारलं होतं.”

“इटली,” बाई म्हणाल्या. समोर भिंतीवर जगाचा नकाशा होता. त्या उठल्या, नकाशापाशी गेल्या, आणि अंगठा व तर्जनी ताणून त्यांनी दोन देशांमधलं अंतर मोजलं. एक टिचभरही नव्हतं. “तशी जवळच आहे,” त्या म्हणाल्या. “पण भाषा वेगळी.” परत येऊन बसल्या, कापडाची गाठ सोडली, कापड चार घड्या करून ठेवलं. “बरं, चल. पान सत्तेचाळीस.”

मला तेव्हाही सांगता आलं असतं. पुढच्या गुरुवारी, त्याच्या पुढच्या गुरुवारी. मी दुसराच उपाय केला. आडून आडून सुचवायला लागलो. “बाई, या ‘जे’चा उच्चार कदाचित ‘ह’सारखाही असेल.”

“असेल की,” बाई म्हणाल्या. त्यांना जराही वाईट वाटलं नाही. “सगळंच चुकत असेल मी. पण चुकीचं बोललेलं कुणी ऐकल्याशिवाय ते बरोबर कसं व्हायचं? माझ्या वर्गात एका मुलीनं एकदा वैनगंगा आफ्रिकेत नेली. मी इतकी हसले की मला खुर्चीत बसावं लागलं. तीही हसली. पण त्यानंतर तिनं नदी कधी चुकवली नाही.” आणि मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, “तुला कुणी सांगितलं, ‘ह’ म्हणून?”

“नाही. असंच वाटलं.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि पान उलटून पुन्हा ‘जोव्हेन’ वाचायला लागल्या. मी मागून ‘जोव्हेन’ म्हटलं.

अशी तीन वर्षं गेली. बाई थकत गेल्या. आधी सायकल सुटली, मग सायकलरिक्षातून यायला लागल्या. रिक्षावाल्याची सही त्यांनी ‘बलवान’ या शब्दाखाली घेतली आणि स्त्री शोधायला त्याच रिक्षातून बाजारभर हिंडल्या. वहीत तीनशेच्या वर शब्द पक्के झाले होते. तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांना कावीळ झाली. मी मेयो रुग्णालयाकडे जायच्या रस्त्यावरच्या त्यांच्या खोलीवर तीनदा गेलो. पहिल्यांदा त्या बोलल्या. दुसऱ्यांदा ग्लानीत होत्या. मी खाटेजवळ बसून कन्हानचं नाव घ्यायचं ठरवलं होतं. त्यांचा पुतण्या समोर उभा होता, म्हणून नाही घेतलं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा खोलीला कुलूप होतं.

पुतण्यानं त्यांची पुस्तकं वाचनालयाला दिली, त्यांत वही आली. पुस्तकांची नोंद झाली. वहीची कुठं करावी कळेना, म्हणून ती माझ्या खणात राहिली. पावसाळा सरला. दिवाळीनंतर एका रविवारी मी ती घेतली आणि कन्हानच्या बसमध्ये बसलो. का जातो आहे, हे मला सांगता आलं नसतं.

सिस्टरनं मला ओळखलं. “जोव्हेन आला!” ती म्हणाली. मी वही पुढे केली. व्हरांड्यात आठ-दहा बायका बसल्या होत्या. सिस्टरनं उभ्याउभ्याच पहिलं पान मोठ्यानं वाचलं, मग दुसरं. मग ती बाकावर त्या बायकांच्या मध्ये जागा करून बसली. इतवारीतल्या मोटारवाल्या बाईचं वाक्य वाचून ती मोठ्यानं हसली, आणि तेच वाक्य मराठीतून शेजारच्या बाईला सांगितलं. पालीला भिणाऱ्या उस्तादांपाशी आली तेव्हा तिनं गुडघ्यावर थाप मारली. कुठे एकही हिज्जा दुरुस्त केला नाही. करावा लागलाच नाही. कागदावर बाईंची भाषा स्वच्छ होती. त्या पानांवरचे शब्द पहिल्यांदाच मी नीट ऐकत होतो आणि मला ते ओळखू येत नव्हते.

अर्धी वही झाल्यावर ती थांबली. “कोण आहे ही बाई? घेऊन ये तिले.”

मी सांगितलं, त्या गेल्या.

“कधी?”

“मे महिन्यात.”

तिनं वहीवर हात ठेवला. मग म्हणाली, “तू तं तीन वर्षं आधी आला होता.”

“हो.”

“काहून नाही आणला तिले?” ती रागावली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. “अकरा वर्षं झाले मी इथं आहे. पत्र येते, पण बोलाले कोणी नाही. एक माणूस नाही. काहून नाही आणला?”

“त्यांचे उच्चार चुकीचे होते, सिस्टर,” मी म्हटलं. “माझ्यासारखेच. तुम्ही हसला असता.”

“हो,” ती म्हणाली. “हसला असता मी. लय हसला असता.” आणि माझ्याकडे पाहत राहिली. “आणि मग?”

याच्यापुढे मी कधी विचार केलेला नव्हता. तीन वर्षं माझं मन त्या हसण्यापर्यंत जाऊन परत फिरत होतं. हसणं झाल्यावर दोन बायका एका बाकावर काय करतात, हे मी पाहिलंच नव्हतं.

सिस्टर थोडी सरकली आणि मला बसायला जागा केली. ती पुन्हा वाचायला लागली. पण सहीपाशी आली की अडायची, आमची नावं तिला उच्चारता येईनात. ‘झिंगराजी ढोमणे’ हे नाव तिनं तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा ते वेगळं झालं. मी म्हणून दाखवलं. तिनं पुन्हा चुकवलं, आधीपेक्षा जास्त. एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसली, मग बाकीच्या हसल्या, मग सिस्टर स्वतःच हसली, आणि मलाही हसू आलं.

आणि मग तिनं पुढचं पान उलटलं.